खरवसाचा डबा आणि ‘गेटक्रॅशर’

बाई, नमस्कार. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, वय 61, निवृत्त. माझा एक जिवलग दोस्त 30 वर्षं आमच्याच गल्लीत राहिला. दोन वर्षांपूर्वी तो मुलाबरोबर नागाळा पार्कात फ्लॅटमध्ये गेला. पेठेत आम्ही एकमेकांच्या घरी कधी विचारून गेलो नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी गवळ्यानं चीक दिला, घरात खरवस झाला आणि मी डबा घेऊन संध्याकाळी निघालो. फोन केला नाही. वॉचमनच्या वहीत सही केली, वर गेलो, तर सूनबाईच्या ऑफिसातली दहा-बारा मंडळी, फुगे, केक. मी परत फिरत होतो, पण दोस्तानं हात धरून बसवलं. खरवस पोरांनी चाटूनपुसून संपवला. मीही दोन जुने किस्से सांगितले, सगळे हसले. तिसऱ्या दिवशी पुतण्यानं मोबाईल पुढं धरला. मी डबा उघडतोय असा फोटो सूनबाईनं टाकलेला, खाली इंग्रजीत ‘बेस्ट गेटक्रॅशर एव्हर’. डिक्शनरी काढली. अर्थ निघाला, निमंत्रण नसताना घुसणारा. जिवाला लागलं. तीन आठवडे तिकडं फिरकलो नाही. दोस्ताचा फोन आला की गुडघ्याचं कारण सांगतो. पुतण्या म्हणतो चेष्टा आहे, आणि गेटक्रॅश, इंट्रूड, ट्रेसपास हे सगळं एकच. तुम्ही इंग्रजी शिकवलंय. मी घुसखोर ठरलो का? आणि आता त्या घरी जावं का जाऊ नये?

— एक काका, मंगळवार पेठ

काका, नमस्कार.

आधी पुतण्याचा कान धरते. हे तिन्ही शब्द एकच, असं माझ्या वर्गात कुणी म्हटलं असतं तर त्याला फळ्यापाशी उभं करून तीन वेगळी वाक्यं लिहायला लावली असती. तिन्हींत कुणीतरी न बोलावता आत येतं, एवढंच सारखं आहे. ते कशाच्या आत येतं, हे मात्र तिन्हींत निराळं, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथंच आहे.

तुम्हाला लागलेल्या शब्दापासून सुरू करू. गेटक्रॅश हा काही जुनापुराणा शब्द नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत तो रुळला. त्यातलं गेट म्हणजे तिकीट फाडतात ते गेट. मोठ्या सामन्यांना तिकीट न काढता, या ना त्या युक्तीनं आत जाणारी वल्ली मंडळी असत, ती गेटक्रॅशर. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली आणि खिशात पैसे नसले की भिंतीवरून आत पडणारी पोरं तुम्ही बघितली असतील. (बघितली असतील, एवढंच म्हणते. त्यांत तुम्ही होता का, ते विचारत नाही.) क्रॅश मूळचा आवाजाचा शब्द, आपल्या ‘धाडकन’च्या जातीचा. पुढं तो मैदानावरून मेजवानीत गेला आणि आता लग्न, वाढदिवस, पार्टी अशा ठिकाणी यादीत नाव नसताना हजर होणाऱ्याला लावतात.

म्हणजे गेटक्रॅश करायचं तर दोन गोष्टी लागतात. काहीतरी समारंभ हवा आणि कुणाला बोलवायचं ते आधी ठरलेलं हवं. यातलं एक नसेल तर हे क्रियापद बसत नाही. साध्या मंगळवारी दुपारी तुम्ही दोस्ताकडं गेला असता आणि तो बनियनवर पेपर वाचत बसलेला असता, तर जगातल्या कुठल्याही इंग्रजानं तुम्हाला गेटक्रॅशर म्हटलं नसतं.

एक नामांकित उदाहरण सांगते. 24 नोव्हेंबर 2009 ला वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसला आपले पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासाठी मेजवानी होती. ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावरची ती पहिलीच सरकारी मेजवानी. यादीत नाव नसलेलं एक जोडपं नटूनथटून आत गेलं, बाईंनी तर लाल साडीवजा पोशाख केलेला, आणि थेट ओबामांशी हात मिळवून आलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना गेटक्रॅशर म्हटलं. सुरक्षावाल्यांची नाचक्की झाली, चौकशा झाल्या, सगळं खरं. पण लोकांच्या बोलण्यात रागाइतकंच ‘काय हो छाती!’ हेही होतं. त्या शब्दातच थोडं मिश्कील कौतुक आहे. डिक्शनरी अर्थ देते, पण शब्द कुठल्या तोंडानं उच्चारतात ते तिला दाखवता येत नाही.

आता याच्या शेजारी दुसरी हकिकत ठेवा. 9 जुलै 1982 च्या सकाळी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात एक माणूस भिंत ओलांडून, पाइपावरून चढून, राणी एलिझाबेथ यांच्या झोपायच्या खोलीत पोचला. राणी अंथरुणात. त्यानं काही इजा केली नाही, तरी त्याला गेटक्रॅशर म्हणणं कानाला खटकतं. तिथं शब्द येतो इंट्रूडर. समारंभ नव्हता, यादी नव्हती. एका बाईची खाजगी खोली होती आणि तिच्यात परका माणूस. इंट्रूड हे क्रियापद माणसाच्या खाजगीपणाशी बांधलेलं आहे. दुःखात असलेल्या घरात कॅमेरा घेऊन शिरणारा बातमीदार इंट्रूड करतो. दोघं हळू आवाजात बोलत असताना मधेच खुर्ची ओढून बसणाराही इंट्रूड करतो, मग तो त्याच घरातला का असेना.

या शब्दाचं मूळ लॅटिन आहे. त्रूदेरे म्हणजे ढकलणं, रेटणं. त्याच मुळाचा शब्द भूगोलात भेटतो. पन्हाळ्याला चढताना जो काळा दगड दिसतो तो कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर रेटलेला लाव्हा, म्हणून एक्स्ट्रुजिव्ह. आणि वर न येता भेगांत रेटून तिथंच थिजला, तो इंट्रुजिव्ह. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा इंग्रजी मी शिकवते की त्या, असा प्रश्न पडला होता. शिवाय मनात नको असताना पुन्हापुन्हा रेटून येणाऱ्या विचारालाही इंग्रजीत इंट्रुजिव्ह म्हणतात. तीन आठवडे तुम्ही जेवताना, झोपताना तो फोटो आठवताय ना? तुमच्या घरात न बोलावता शिरलेला तो एवढाच.

पुतण्या परीक्षेला बसत असेल तर त्याच्यासाठी जाता जाता. गेटक्रॅशला मधे काही लागत नाही, ‘गेटक्रॅश अ पार्टी’ सरळ म्हणायचं. इंट्रूडला मात्र ‘ऑन’ लागतं, ‘इंट्रूड ऑन समवन’. माझा एक जुना विद्यार्थी शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे. परदेशी गिऱ्हाइकाला त्यानं ‘सॉरी आय इंट्रूडेड युवर मीटिंग’ असं लिहिलं आणि मला कौतुकानं दाखवलं. निवृत्त झाले तरी माझ्या बोटांना लाल पेन आठवलं.

ट्रेसपास फार सोपा. जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ ओलांडून पलीकडं जाणं. हा जागेशी, मालकीशी, कुंपणाशी बांधलेला आहे, म्हणून तो बंगल्याच्या पाटीवर असतो आणि कायद्यात असतो. गंमत अशी, की राणीच्या खोलीत शिरलेल्या त्या माणसावर ट्रेसपासचा खटला चाललाच नाही. इंग्लंडात तेव्हा नुसतं दुसऱ्याच्या जागेत शिरणं हा दिवाणी मामला होता, फौजदारी नव्हता. त्याला कोर्टात उभं केलं ते आधीच्या एका खेपेस राजवाड्यातली वाइन प्यायल्याबद्दल, आणि त्यातूनही तो सुटला.

आपल्याकडं मात्र हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. आधी 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 441 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 329 आहे. पण तिथं इरादा बघतात. गुन्हा करायचा, धमकवायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा इरादा असला पाहिजे. नीट वाट धरून आत आलेला माणूस अशा इराद्यानं ठाण मांडून बसला, तरी तो त्यात येतो. तुम्ही खरवस घेऊन गेलात, वॉचमनच्या वहीत सही केलीत आणि दोनच किस्से सांगितलेत. कलम लागत नाही. किस्से पाच झाले असते तर मी जरा विचार केला असता.

आणखी एक क्रियापद राहिलं, बार्ज इन. पुतण्याला ते सुचलं नाही, पण सूनबाईनं हे लिहिलं असतं तर मीही तुमच्या बाजूनं भांडले असते. बार्ज म्हणजे सपाट बुडाची, मालानं लादलेली जड होडी. ती पटकन वळत नाही, समोर काय आहे ते बघत नाही. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चौकात आला की आपण जसे आपणहून बाजूला होतो, तसं. हे क्रियापद निमंत्रण बघतच नाही, माणूस कसा आला ते बघतं. अक्षता देऊन बोलावलेला पाहुणासुद्धा दार न वाजवता धडधडत आत आला तर त्यानं बार्ज इन केलं. तुम्ही दारातून परत फिरत होता, असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळं हे तुम्हाला लागू नाही.

आता आपल्या मराठीकडं येऊ, कारण घोळ खरा इथं झालाय. तुम्ही डिक्शनरीत ‘घुसणारा’ वाचलंत आणि मनात ‘घुसखोर’ केलंत. इंग्रजी क्रियापद विचारतं, कुठली हद्द मोडली? पार्टीची यादी, माणसाचा एकांत, का जमिनीचं कुंपण? आपलं क्रियापद विचारतं, आलेल्या माणसाबद्दल बोलणाऱ्याला काय वाटलं? एकच पाहुणा, एकच वेळ, एकच दार. ‘पाहुणे आले’ म्हटलं की चहाचं आधण चढतं. ‘पाहुणे टपकले’ म्हटलं की साखर कमी पडते. ‘कुठनं कडमडले’ म्हटलं की चहाच नाही. ‘उपटले’, ‘धडकले’, ‘दत्त म्हणून उभे राहिले’, प्रत्येकाचा राग मोजून मापून वेगळा आहे. दत्त म्हणून उभं राहण्यात तर राग आणि हसू निम्मं निम्मं असतं. मला विचाराल तर सूनबाईच्या गेटक्रॅशरचं जवळचं मराठी हेच. ‘आणि आमच्या पार्टीत काका दत्त म्हणून हजर!’ हे वाक्य कुणी मराठीत लिहिलं असतं तर तुम्ही डिक्शनरी काढली असती का?

घुसणं आणि शिरणं यांतही फरक आहे, तो कोल्हापूरकराला वेगळा सांगायला नको. पंचगंगेचं पाणी 2019 ला घराघरांत शिरलं, 2021 ला पुन्हा शिरलं. पाणी घुसलं असंही म्हणतो आपण, पण ते ओरडताना. गवा उसात शिरतो, आजरा-चंदगडकडं हत्ती शिवारात घुसतो. इंग्रजी पेपर त्याला ना इंट्रूड म्हणेल ना ट्रेसपास, तो लिहील ‘स्ट्रेड’, म्हणजे वाट चुकून आला. जनावराला यादी माहीत नाही, कुंपण माहीत नाही, म्हणून त्याच्यावर आरोपही नाही. मला हा शब्द फार आवडतो.

आणि अतिथी? परंपरेनं त्याची फोड करतात ती अशी, की ज्याची यायची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. त्याला देव माना, असं तैत्तिरीय उपनिषद सांगतं. न सांगता येणाऱ्याला आपण इतका मोठा मान देऊन ठेवलाय. त्याच भाषेतून आलेला आगंतुक, म्हणजे नुसता ‘आलेला’. त्या शब्दाचं मात्र आपण मराठीत काय केलं बघा. आगंतुक म्हटलं की कपाळाला आठी. न बोलावता येणाऱ्याबद्दल आपलं मन कधीच एक नव्हतं, तेव्हा सगळं खापर इंग्रजीवर फोडू नका.

बरं, आता तुम्ही. मी घुसखोर ठरलो का, असं विचारलंत. नाही. पण गेटक्रॅशर हा शब्द चुकला, असंही मला म्हणता येणार नाही. समारंभ होता, कुणाला बोलवायचं ते सूनबाईनं ठरवलं होतं, त्यांत तुम्ही नव्हता. शब्द बसतो. फक्त तो तुमच्या दोस्ताच्या बाजूनं बसत नाही. त्या घरात तोही यजमान आहे आणि त्यानं तुम्हाला हात धरून बसवलं. त्या क्षणी तुम्ही त्याचे पाहुणे झालात. एकाच सोफ्यावर बसून तुम्ही एकाचे पाहुणे होता आणि दुसरीच्या पार्टीतले गेटक्रॅशर, आणि ही दुसरी तुमच्यावर खूश होती. वाईट गेटक्रॅशरचा फोटो कुणी ‘बेस्ट’ लिहून चारचौघांत मिरवत नाही.

फोन करायला हवा होता का? हो, हवा होता. रागावू नका. पेठेत दार बोलायचं. उघडं असलं की या, पुढं लोटलेलं असलं की आत कुणी झोपलंय, कडी असली की गावाला गेलेत. फ्लॅटचं दार कायम बंद, ते काहीच सांगत नाही. आत वाढदिवस आहे, भांडण आहे का पोराचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, बाहेर उभ्या माणसाला कळायला मार्ग नाही. ते काम आता फोननं करायचं. परवानगी मागायची नाही, त्यात तुमची 30 वर्षं मोडीत निघतील. पायात चप्पल घालता घालता ‘येतोय रे’ एवढं सांगायचं. तिकडून ‘ये की’ आलं की झालं. आणि ‘अर्ध्या तासानं ये’ आलं, तर खरवस फ्रिजमध्ये ठेवायचा आणि अर्ध्या तासानं जायचं. त्यात मानापमान काढू नका.

सूनबाईचंही एक चुकलंच, ते कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. तिनं तुमचा फोटो तुम्हाला न विचारता टाकला. मघाशी इंट्रूड म्हणजे काय ते सांगितलं ना, खाजगीपणात न विचारता शिरणं, ते या गोष्टीत कुणी केलं असेल तर तिनं. तुम्ही तिच्या पार्टीत गेलात, ती तुमच्या चेहऱ्यात आली. हे तिला जाऊन ऐकवा असं मी म्हणत नाही. पण कधी निवांत बसलात तर हसत विचारा, ‘पोरी, फोटो टाकायच्या आधी काकाला विचारायचं नसतं का गं?’ हुशार मुलगी आहे, तिला कळेल. आणि फोटो काढून टाकायला सांगायचा असेल तर तेही मोकळेपणानं सांगा, तो तुमचा हक्क आहे. मला वाटतं तुम्ही सांगणार नाही. डबा उघडतानाचा फोटो तुम्ही पुतण्याकडून मागून घेतला असणार, अशी मला दाट शंका आहे.

दोस्ताचं मात्र मला वाईट वाटतंय. त्यानं काही लिहिलं नाही, त्याला तो शब्द माहीतही नसेल, आणि तीन आठवडे तो तुमच्या गुडघ्याची काळजी करत बसलाय. एखाद्या दिवशी तो स्वतःच दुखण्यावरचं तेल घेऊन तुमच्या दारात दत्त म्हणून उभा राहील, न सांगता, मग काय उत्तर देणार? त्याच्या आधी तुम्हीच जा. चीक मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर गंगावेशीतून धारोष्ण दूध घ्या, त्याचंही कौतुक होईल. वेलदोडा घाला, जायफळ थोडं जास्त झालं तरी चालतं.

आणि निघायच्या आधी एक मेसेज करा. दोस्ताला नको, सूनबाईला. खाली लिहून देते, तसाच्या तसा पाठवा. आधी कळवून केलेलं गेटक्रॅश हे गेटक्रॅश राहत नाही, असं पुतण्या म्हणेल. म्हणू दे, यावेळी त्याचं बरोबर आहे.

‘सूनबाई, रविवारी सहाला गेटक्रॅश करायला येतोय. डबा मोठा आणतोय. वॉचमनला सांगून ठेव. किस्से तीन.’